माध्यमिक भूगोल, बेळगाव सीमाभागातील

कर्नाटकाच्या बेळगाव जिल्ह्यात व लगतच्या सीमाभागात मराठी माध्यमाच्या शाळांतून आठवी ते दहावीच्या वर्गांना शिकविला जाणारा भूगोल. कर्नाटकात तो स्वतंत्र विषय नसून इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र व व्यवसाय अध्ययन यांच्यासह समाज विज्ञानात मोडतो. आठवीला पृथ्वीची आवरणे, नववीला कर्नाटक राज्य व दहावीला भारत असा ढोबळ क्रम आहे. पाठ्यपुस्तके राज्याच्या पाठ्यपुस्तक संघाची मराठी आवृत्ती असतात. महाराष्ट्रात मात्र दहावीला भूगोलाची ४० गुणांची वेगळी प्रश्नपत्रिका असते.

१ नोव्हेंबर १९५६ पूर्वी हा जिल्हा मुंबई राज्यात होता व शाळांचा अभ्यासक्रमही तिकडचाच होता. राज्य पुनर्रचनेनंतर तो म्हैसूर राज्यात (१९७३ पासून कर्नाटक) गेला. नवा अभ्यासक्रम शाळांत बहुधा इयत्तावार, हळूहळू रुजला असावा.

राज्य हा घटक धरून शिकविण्याची अडचण या भागात सर्वांत जास्त जाणवते. नववीच्या नकाशात राज्याच्या सीमेबाहेरचा भाग कोरा असतो, त्यामुळे कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी व घटप्रभा या नद्या सीमेवरच उगम पावतात असा मुलांचा समज होतो. वस्तुतः हिरण्यकेशी आंबोलीजवळ उगम पावून आजरा, गडहिंग्लज करीत संकेश्वरकडे येते आणि पुढे घटप्रभेस मिळते. चंदगडकडून येणारी ताम्रपर्णीही घटप्रभेचीच उपनदी. ऑगस्ट २०१९ मध्ये चिकोडी, निपाणी, अथणी भागांत आलेल्या पुराचे कारण वरच्या खोऱ्यातील पावसात शोधावे लागते. केवळ राज्याच्या नकाशावरून ते समजत नाही. म्हणून जाणकार शिक्षक कोल्हापूर, सांगली, साताऱ्यापर्यंतचे खोरे फळ्यावर काढून घेतात, आणि हीच पद्धत अधिक योग्य म्हटली पाहिजे. याउलट मलप्रभा (उगम कणकुंबी) व म्हादई (उगम देगाव परिसर) या दोन्ही नद्या खानापूर तालुक्यातल्याच. एक पूर्वेला कृष्णेकडे जाते, दुसरी पश्चिमेला गोव्यात उतरते. जलविभाजक म्हणजे काय, हे शिकविण्यास इतके जवळचे उदाहरण क्वचितच मिळेल.

बेळगावच्या उंचीबाबत संदर्भग्रंथांत एकमत नाही. जुन्या ग्रंथांत ती सुमारे २,५०० फूट, म्हणजे ७६२ मीटर दिलेली आढळते. अलीकडे ७५१ व ७८४ मीटर असेही आकडे दिले जातात. पहिला आकडा फुटांत पूर्णांकित केलेला दिसतो. उरलेल्या दोहोंतील तफावत मोजण्याचे ठिकाण वेगळे असल्यामुळे पडली असण्याची शक्यता अधिक, कारण शहर चढउताराच्या पठारावर वसले आहे. वर्गात 'सुमारे ७५० मीटर' सांगून नेमकी उंची स्थलनिर्देशक (भूरूपे व उंची तपशिलाने दाखविणाऱ्या) नकाशावरून काढायला लावणे इष्ट.

हा नकाशा मिळविताना पहिली अडचण पत्रकांची, म्हणजे तो ज्या तुकड्यांत छापतात त्यांची, येते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकपद्धतीत १६° उत्तर अक्षवृत्त ही ४७ व ४८ या पत्रकांची हद्द आहे, व जिल्हा तिच्या दोन्ही बाजूंना पसरला आहे. निपाणी ४७ एल/७ वर, तर खानापूर ४८ आय/१० वर येते. बेळगाव शहर जवळजवळ ७४°३०′ पूर्व रेखावृत्तावरच असल्याने ते दोन पत्रकांत विभागले जाते : हिंडलगा ४८ आय/५ वर, शहापूर-वडगाव ४८ आय/९ वर. एकच पत्रक आणलेल्या वर्गाला अर्धे गाव सापडत नाही. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतरच्या खुल्या मालिकेतील पत्रकांचे क्रमांक वेगळे आहेत, हेही मागणी करताना ध्यानात ठेवावे.

१:५०,००० प्रमाणावर २ सेंमी. म्हणजे १ किमी., व समोच्च रेषांतील (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांतील) उभे अंतर २० मी. असते. दर पाचवी रेषा जाड. शाळांत बहुधा झेरॉक्स वापरतात आणि तेथे दोन चुका होतात. ए-३ वरून ए-४ केल्यास लांबी सुमारे ७१ टक्के होते; प्रमाण १:७०,००० च्या आसपास जाते, पण कोपऱ्यातला प्रमाणाचा छापील अपूर्णांक (१:५०,०००) तसाच राहतो. अशा प्रतीवर फक्त रेषाप्रमाणावर (नकाशावर आखलेल्या अंतरपट्टीवर) विसंबावे. दुसरे, काळ्या-पांढऱ्या प्रतीत तपकिरी समोच्च रेषा व निळे ओढे एकसारखे दिसतात आणि मुले दरीला सोंड (डोंगराचा पुढे आलेला उतरता भाग) समजतात. रेषेच्या व्ही-आकाराचे टोक वाढत्या उंचीकडे असेल तर दरी, उतरत्या बाजूला असेल तर सोंड, हा नियम उंचीचे आकडे वाचूनच लावावा. मूळ रंगीत पत्रक शेजारी ठेवून प्रतीवरचे ओढे निळ्या पेन्सिलीने गिरवून घेतल्यास निम्मा घोळ टळतो.

छेद (जमिनीचा चढउतार बाजूने दाखविणारी आकृती) काढण्यासाठी येळ्ळूरचा राजहंसगड सोयीचा आहे. माथ्यावरून जाणारी कखग रेषा आखून तिच्यावर कागदाची पट्टी ठेवावी, प्रत्येक समोच्च रेषा छेदते तेथे खूण करून उंची लिहावी, पट्टी आलेखकागदाच्या पायारेषेला लावून लंब उभारावेत व टोके हाताने जोडावीत. उभे प्रमाण १ सेंमी. = १०० मी. घेतल्यास उंची आडव्याच्या पाचपट दिसते, १ सेंमी. = २० मी. घेतले तर पंचवीसपट, आणि साधी टेकडी सुळक्यासारखी होते. माथा सपाट रेषेने जोडणे ही नेहमीची चूक. शेवटच्या रेषेच्या वर अजून २० मीटरपर्यंत उंची असू शकते, म्हणून तेथे किंचित फुगवटा द्यावा.

स्थानिक वेळेचा पाठ येथे सोप्या आकड्यांत बसतो. घड्याळाची वेळ ज्यावरून ठरते ते भारताचे प्रमाण रेखावृत्त ८२°३०′, बेळगाव ७४°३०′. फरक ८ अंश, प्रत्येकी ४ मिनिटे, म्हणजे ३२ मिनिटे. मध्यान्ह घड्याळात सरासरी १२ वाजून ३२ मिनिटांनी होते. सूर्य वर्षभर घड्याळाइतका काटेकोर चालत नसल्याने फेब्रुवारीच्या मध्यास ती १२:४६ च्या सुमारास, तर नोव्हेंबरच्या आरंभी १२:१६ च्या सुमारास येते. ओळंब्याने सरळ उभ्या केलेल्या १ मीटर काठीची सावली विषुवदिनी मध्यान्ही सुमारे २८ सेंमी. व २२ डिसेंबरला सुमारे ८२ सेंमी. भरते. बारा वाजता मोजणी केली की सावली लांब भरते आणि उत्तर दिशाही चुकते. सावलीचे टोक ११:४५ पासून दर पाच मिनिटांनी टिपून सर्वांत आखूड सावली घ्यावी. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे मध्यान्ही सूर्य नेमका डोक्यावर येण्याचा दिवस, मेच्या पहिल्या आठवड्यात व ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. पहिला उन्हाळी सुटीत सापडतो, दुसऱ्या वेळी आभाळ भरलेले असते. त्यामुळे डिसेंबरचे मोजमापच बहुतेक शाळांना जमते.

दहावीच्या परीक्षेत भारताचा आराखडा स्वतः काढून स्थाने दाखवावी लागतात. आधी कर्कवृत्त व ८२°३०′ रेखावृत्त आखावे; ही दोन्ही छत्तीसगडच्या उत्तर भागात छेदतात व त्या बिंदूभोवती बाकीचा आकार बसवता येतो. कच्छ-काठेवाडचा भाग गाळणे, ईशान्येकडील चिंचोळी पट्टी बंद करणे आणि तापी नर्मदेच्या उत्तरेस दाखविणे या चुका दरवर्षी दिसतात.

क्षेत्रभेटीसाठी कणकुंबी ते अथणी हा पट्टा घ्यावा. सरळ अंतर दीडशे किलोमीटरांच्या आत असूनही घाटमाथ्याच्या सदाहरित रानापासून पर्जन्यछायेतील काळ्या मातीपर्यंतचा बदल त्यात दिसतो. खानापूरकडे जांभा, बेळगावभोवती बेसाल्ट, गोकाकला घटप्रभेचा ५२ मीटरांचा धबधबा जेथून कोसळतो तो कठीण वालुकाश्म-क्वार्ट्‌झाइट, निपाणीला तंबाखू, चिकोडी-रायबागला ऊस. एका दिवसात सगळे होत नाही. गोकाकची भेट पावसाळ्यात किंवा लगेच नंतर ठेवावी. उन्हाळ्यात कड्यावर पाणी नसते, पण खडकाचे थर पाहण्यास तोच काळ बरा.