न पडलेला खटका

मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे घरोघरी खिडकीला लोखंडी कूलर लागलेला असतो. खाली टाकीत पाणी, पाण्यात छोटा पंप, पंपाची वायर पत्र्याच्या कडेवरून बाहेर काढलेली. पंखा फिरला की पत्रा थरथरतो, वायर त्या कडेवर घासत राहते आणि एखाद्या उन्हाळ्यात तिचं वरचं प्लॅस्टिक कापलं जातं. तांबं पत्र्याला टेकतं. यातलं बाहेर काहीच दिसत नाही. कूलर चालू, हवा गार, डीबीतला, म्हणजे घरातल्या विजेच्या पेटीतला, आपोआप पडणारा खटका (एमसीबी) जागच्या जागी. फक्त कूलरचा सगळा पत्रा आता २३० व्होल्टवर आहे.

ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कोणी त्याला हात लावला, तर काय होईल? ओल्या अंगाचा रोध साधारण १००० ओहम धरू. २३० भागिले १०००, म्हणजे ०.२३ अँपिअर. घरातला छताचा पंखा जवळपास एवढाच करंट घेतो. ६ अँपिअरच्या एमसीबीच्या लेखी कुणीतरी आणखी एक पंखा लावला, एवढीच ही घटना. तो पडत नाही आणि पडणारही नाही. माणसाच्या हृदयाची लय बिघडायला मात्र याहून कितीतरी कमी करंट पुरतो. अमेरिकेत बर्कली विद्यापीठात चार्ल्स डॅलझील यांनी स्वयंसेवकांवर मोजमापं घेतली, तेव्हा सरासरी १६ मिलिअँपिअरपुढे पुरुषांना आणि साडेदहा मिलिअँपिअरपुढे स्त्रियांना हातातली तार सोडता येत नव्हती. इथे आपण २३० मिलिअँपिअरबद्दल बोलतोय.

खटका सारखा पडतो म्हणून लोक वैतागतात, वायरमनला बोलावतात. ते ठीकच. पण काळजी करायला हवी ती जिथे तो पडायला हवा होता आणि पडला नाही, त्या जागेची.

एमसीबी मुळात माणसासाठी नसतोच, आणि मिक्सर-फ्रिजसाठीही नसतो. तो भिंतीतल्या वायरसाठी असतो. त्याच्या आत दोन यंत्रणा आहेत. एक, दोन वेगळ्या धातूंची चिकटवलेली पट्टी. करंट जास्त झाला की ती तापते, वाकते आणि लिव्हर सोडवते. हे सावकाश होतं. दुसरी, तांब्याच्या तारेचं वेटोळं. शॉर्ट झाला की ते क्षणात चुंबक बनून लिव्हर पाडतं. घरगुती एमसीबीवर त्याच्या अँपिअरच्या आकड्याआधी (समजा १६) बी किंवा सी हे अक्षर छापलेलं असतं, ते या दुसऱ्या यंत्रणेबद्दल आहे. बी असेल तर नेमलेल्या करंटच्या ३ ते ५ पट झाल्यावर, सी असेल तर ५ ते १० पट झाल्यावर तो झटक्यात पडतो. एसी आणि पाण्याचा पंप सुरू होताना क्षणभर कित्येक पट करंट ओढतात. त्यांना म्हणून सी लावतात. बी लावला तर सुरू करतानाच पडण्याची शक्यता असते.

सावकाश पडण्याची गंमत स्वयंपाकघरात दिसते. ओट्यावरचे सगळे प्लग एकाच १६ अँपिअरच्या एमसीबीवर आहेत असं समजा. १८०० वॅटची इंडक्शन शेगडी ७.८ अँपिअर घेते, १२०० वॅट ओढणारा मायक्रोवेव्ह ५.२, ५०० वॅटचा मिक्सर २.२. बेरीज १५.२. इथवर बरं चाललंय. आता कोणी चहासाठी १५०० वॅटची किटली लावली की आणखी साडेसहा, एकूण जवळजवळ २२. पण खटका लगेच पडत नाही. मानकाप्रमाणे १६ चा एमसीबी १८ अँपिअरला तासभर टिकायला हवा आणि २३ ला तासाच्या आत पडायला हवा. मधल्या २२ वर तो दहा मिनिटांत पडेल, चाळीस मिनिटांनी पडेल, नाहीतर पडणारही नाही. म्हणून ‘काल याच सगळ्यावर स्वयंपाक झाला, आज का पडला’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा घड्याळात असतं. शिवाय ही मोजमापं ३० अंश सेल्सिअसला धरून केलेली आहेत. उन्हात तापणाऱ्या भिंतीवर, दाटीवाटीने एमसीबी बसवलेल्या बंद डीबीत मे महिन्यात तापमान त्याच्या बरंच वर असतं. धातूची पट्टी आधीच अर्धी वाकलेली असते, आणि डिसेंबरात निभावलेला लोड मे महिन्यात निभावत नाही.

यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे १६ काढून ३२ टाकणं. खटका पडायचा थांबतो, सगळे खूष. पण भिंतीत दीडची (दीड स्क्वेअर मिलिमीटर जाडीची) वायर असेल तर तिला आता कोणी वाली उरलेला नाही. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: करंट दुप्पट, उष्णता चौपट. प्लॅस्टिक मऊ होतं, पाइपात शेजारच्या वायरला चिकटतं, आणि हे सगळं प्लास्टरच्या आड. ढोबळ हिशेब असा लक्षात ठेवावा: दिवे-पंख्यांना दीड स्क्वेअर मिलिमीटरची वायर आणि ६ किंवा १० चा एमसीबी, १६ अँपिअरच्या प्लगला अडीचची वायर आणि १६ चा, दीड टनाच्या एसीला चारची आणि २० चा. आधी वायर बघायची, मग एमसीबी ठरवायचा. वाढीव लोड हवाच असेल तर डीबीपासून स्वतंत्र वायर ओढावी लागते, त्याला पळवाट नाही. एकूण लोड बराच वाढला तर बिलावरचा मंजूर भारही वाढवून घ्यावा लागतो.

खटका पडल्यावर आधी नुसतं बघा: कोणता पडलाय, आणि कधी पडला. काही वेळ चालून पडला तर लोड जास्त आहे. वर करताक्षणी फट्‌कन पडला तर शॉर्ट आहे. बरेच एमसीबी पडल्यावर मध्येच अडकल्यासारखे राहतात. लिव्हर आधी पूर्ण खाली ओढून मग वर करायची. लोडमुळे पडला असेल तर पट्टी थंड व्हायला दोन-चार मिनिटं द्यावीत, नाहीतर लिव्हर धरतच नाही. त्या सर्किटवरचे सगळे प्लग भिंतीतून उपसून काढा, खटका वर करा, आणि एकेक उपकरण लावत जा. जे लावल्यावर पडेल ते दोषी. काहीही न लावता पडत असेल तर दोष वायरिंगमध्ये आहे. तो खटका खालीच ठेवून परवानाधारक वायरमनला बोलवावं. शॉर्टवर पुन्हा पुन्हा वर करून बघण्यात काहीच हशील नाही. दर वेळी आत ठिणगी उडते आणि एमसीबीचे कॉन्टॅक्ट जळतात.

वीज जाऊन परत आल्यावर पडणाऱ्या खटक्याचं कारण वेगळं असतं. फ्रिज, एसी, पंप सगळे एकाच क्षणी सुरू होऊ पाहतात. वीज गेली की एसी बंद करून ठेवावा आणि आल्यावर पाचेक मिनिटांनी लावावा, एवढ्यानं बहुतेक वेळा भागतं.

माणसासाठी असतो तो आरसीसीबी. जुने वायरमन त्याला अजूनही ईएलसीबीच म्हणतात. डीबीत एमसीबीपेक्षा रुंद आणि टेस्टचं बटण असलेला दिसला, तर बहुधा तोच. त्याच्यात एक लोखंडी कडं असतं आणि फेज व न्यूट्रल दोन्ही त्यातून जातात. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला तर कड्यात काही घडत नाही. गीझरकडे ८.७० अँपिअर गेला आणि ८.६६ परत आला, तर मधला ४० मिलिअँपिअर कुठून तरी जमिनीत गेला. पाण्यातून, भिंतीतून किंवा एखाद्या माणसातून. कड्याला हा फरक कळतो आणि तो एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत वीज तोडतो. घरात ३० मिलिअँपिअरचाच हवा. १०० किंवा ३०० चा मिळतो, पण तो आगीपासून बचावासाठी, अंगाला शॉक बसू नये म्हणून नव्हे. प्रत्यक्षात ३० चा आरसीसीबी १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडू शकतो. वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर एसी अशी इलेक्ट्रॉनिक्सवाली उपकरणं असतील तर ‘ए’ प्रकारचा घ्यावा; त्यावर लाटेच्या चिन्हाखाली तुटक अर्धलाटांचं चिन्ह असतं. आणि हे कायम ध्यानात असू द्यावं की फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी हातात धरले तर हासुद्धा वाचवू शकत नाही. त्याच्या दृष्टीने तुम्ही एक बल्ब आहात.

आरसीसीबी पडला की शोध अवघड जातो, कारण तो अख्खं घर बंद करतो. इथे बहुतेकांची एक चूक होते: उपकरणाचं बटण बंद करतात आणि ‘बंद करूनही पडतोय’ म्हणतात. बोर्डावरचं बटण फक्त फेज तोडतं. न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि गीझरच्या तडा गेलेल्या कॉइलमधून तो पाण्याला, तिथून अर्थिंगला टेकत असेल तर बटण बंद असतानाही आरसीसीबी पडू शकतो. म्हणून प्लग काढायचाच. पावसाळ्यात पडत असेल तर गच्चीवरचे दिवे, बाहेरची बेल, गॅलरीतला प्लग हे पहिले संशयित.

दुसरा छुपा गुन्हेगार म्हणजे उसना न्यूट्रल. नूतनीकरणात घराला दोन आरसीसीबी बसतात आणि एखाद्या दिव्याचा फेज एकावरून, न्यूट्रल मात्र दुसऱ्याच्या, न्यूट्रलच्या तारा एकत्र जोडायच्या पट्टीतून घेतला जातो. मग नऊ वॅटचा एलईडी लावला तरी घर अंधारात जातं, कारण नऊ वॅट म्हणजे सुमारे ४० मिलिअँपिअर, आणि तो सगळाच्या सगळा ‘हरवलेला’ दिसतो. घरच्या बॅटरी-इन्व्हर्टरनंही असंच होतं. त्याचा फेज आरसीसीबीच्या आधीवरून घेतला आणि त्याच्या दिव्यांचा न्यूट्रल आरसीसीबीनंतरच्या सामाईक पट्टीत सोडला, की इन्व्हर्टर जोडल्या दिवसापासून खटके पडू लागतात. त्यावर काही ठिकाणी चक्क आरसीसीबीच काढून टाकला जातो. खरा उपाय इन्व्हर्टरच्या पॉइंटांचा न्यूट्रल वेगळा करणं हा आहे. त्यात कष्ट आहेत, म्हणून टाळला जातो.

‘आमच्याकडे अर्थिंग आहे, मग आरसीसीबी कशाला?’ हा प्रश्न आकड्यांनी सुटतो. अर्थिंगच्या वाटेचा एकूण रोध २० ओहम असेल, तर पत्र्याला फेज टेकल्यावर ११.५ अँपिअर वाहील. १६ चा एमसीबी त्यावर दिवसभर निवांत बसेल. ५ ओहमवर ४६ अँपिअर वाहील. तेव्हाही सी प्रकारचा झटक्यात पडणार नाही, पट्टी तापायची वाट पाहील. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र दोन्ही वेळा तत्काळ पडतो.

तरीही अर्थिंग हवंच, कारण ते असेल तर दोष होताक्षणी वीज तुटते. नसेल तर कोणीतरी हात लावेपर्यंत आरसीसीबी वाट पाहतो. अर्थिंगचा रोध मातीतल्या ओलाव्यावर ठरतो. जमिनीत उभा पुरलेला अडीच मीटरचा पाइप आणि भोवती कोळसा-मीठ ही नेहमीची पद्धत. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खाली कातळ असतो, आणि कूलर ज्या महिन्यांत चालतात नेमक्या त्याच महिन्यांत अर्थिंग सर्वांत कमकुवत असतं. खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायची जुनी सवय म्हणूनच शहाणपणाची. नळाच्या पाइपला बांधलेलं अर्थिंग प्लॅस्टिकचे पाइप आल्यापासून निरुपयोगी झालं. आणि प्लगच्या मागे न्यूट्रल व अर्थ यांना तारेच्या तुकड्यानं जोडणं हा तर सापळाच: तो न्यूट्रल कुठे तुटला की उपकरणाच्या अंगावर पूर्ण २३० व्होल्ट येतात.

लूज कनेक्शन यातलं कोणीच पकडत नाही. करंट नेमका तेवढाच, गळतीही नाही, पण सैल स्क्रूखाली उष्णता साठत जाते. गीझरचा टॉप (वायरच्या टोकाचा पिनांचा भाग) पिवळट-काळा पडलाय, बोर्ड कोमट लागतो, माशासारखा वास येतो, दिवा फडफडतो: यांतलं काहीही दिसलं की मेन बंद करून तो प्लग बदलायला लावावा. काही दिवे अचानक प्रखर आणि काही मंद झाले, तर बाहेरचा न्यूट्रल सुटलेला असू शकतो. लगेच मेन पाडावा आणि महावितरणला १९१२ वर कळवावं. अशा वेळी घरात २३० च्या बरेच वर व्होल्ट येऊ शकतात.

कूलरची तयारी एप्रिलमध्येच करावी. पंपाची वायर पत्र्यातून जिथे बाहेर येते तिथे रबरी बुश बसवा, कापलेली वायर टेप न मारता पूर्ण बदला. वायर तीन तारांची आणि टॉप तीन पिनांचा हवा. जाड, लांब पिन अर्थची असते. ती आत जाताना सर्वांत आधी टेकते आणि निघताना सर्वांत शेवटी सुटते; ती कापून दोन पिनांच्या प्लगमध्ये घुसवू नये. हिरवी तार कूलरच्या पत्र्यावर रंग खरवडून स्क्रूनं घट्ट आवळलेली असावी, कारण रंगावर आवळलेली तार जोडल्यासारखी दिसते फक्त. कूलर आरसीसीबीनंतरच्या प्लगवरच लावा आणि महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबून बघा. ते दाबून खटका पडला म्हणजे आरसीसीबी चालू आहे एवढंच कळतं. ते बटण अर्थिंग नसतानाही चालतं, अर्थिंग वेगळं मोजून घ्यावं लागतं. टाकीत पाणी भरताना बटण नव्हे, प्लगच काढायचा, मग पाइप सोडायचा. कोणी चिकटलंच तर त्याला हात न लावता आधी मेन पाडायचा. मेन दूर असेल तर कोरड्या लाकडी दांड्यानं त्याला बाजूला ढकलायचं, आणि १०८ ला फोन.