इष्टू म्हणजे पांढरा कुर्मा नव्हे
भाज्या उकडाव्यात, नारळाचे काहीतरी घालावे, वर कढीपत्ता टाकावा, की झाली दाक्षिणात्य भाजी, अशी कृती आपल्याकडे सर्रास सांगितली जाते. या एका वाक्यात तमिळनाडूचा कुर्मा आणि केरळचा इष्टू, म्हणजे नारळाच्या दुधातली पांढरी रस्साभाजी, या दोहोंचेही मातेरे होते. दोन्हींत बटाटा, गाजर, फरसबी आणि मटार असतात, दोन्हींत नारळ असतो, आणि म्हणूनच कुर्म्यातून हळद वगळली की इष्टू तयार होतो, असा समज पसरलेला आहे.

कुर्म्याविषयी फार सांगण्याची गरज नाही. पुरी किंवा परोट्याबरोबर तो बहुतेकांनी खाल्लेला असतो आणि अनेकांच्या घरी होतोही. नारळाचा चव, हिरव्या मिरच्या, बडीशेप, खसखस किंवा डाळे आणि जमल्यास चार काजू एकत्र मऊसूत वाटायचे, खडा मसाला, कांदा आणि टोमॅटो परतून भाज्या शिजवायच्या आणि मग वाटण घालून सणसणीत उकळी आणायची. बंगळुरूचा सागू हा त्याचाच कोथिंबीर घातलेला हिरवा भाऊबंद.

मसाल्यांतला फरक गौण आहे. इष्टूत दालचिनी, लवंग, वेलची आणि अख्खे मिरे घालतात. ओणमच्या सद्येत, म्हणजे सणाच्या मेजवानीत, वाढल्या जाणाऱ्या बटाट्याच्या इष्टूत तर पुष्कळदा तेही नसते, केवळ आले, हिरवी मिरची आणि कढीपत्ता असतो. खरी गफलत होते ती नारळापाशी. कुर्म्यात नारळ वाटून, चोथ्यासकट जातो. इष्टूत त्याचे फक्त दूध जाते, आणि हे दोन पदार्थ आचेवर अगदी उलट वागतात.

वाटणाला उकळी हवीच असते, कारण खसखस, डाळे आणि बडीशेप यांचा कच्चा वास उकळल्याशिवाय जात नाही, आणि नारळाच्या चोथ्याबरोबर डाळ्यांतला स्टार्च रश्शाला धरून ठेवतो. नारळाच्या दाट दुधाला असा आधार नसतो. ते म्हणजे पाण्यात विखुरलेले तेलाचे सूक्ष्म थेंब. त्यांच्याभोवतीचे प्रथिनांचे पातळ आवरण त्यांना एकमेकांत मिसळू देत नाही. साधारण ८० अंश सेल्सिअसच्या पुढे ही प्रथिने गोठू लागतात, आवरण निकामी होते आणि दूध फुटते. आधी पातेल्याच्या कडेला तेलाचे चकचकीत ठिपके दिसतात, मग रव्यासारखे पांढरे कण वर येतात आणि खाली गढूळ पाणी उरते. आंबटपणाने हे काम आणखी लवकर होते, म्हणून इष्टूत टोमॅटो घालणाऱ्यांशी माझे कधीच जमणार नाही. कोकणात सोलकढी उकळत नाहीत, त्यामागेही हेच कारण आहे. ज्यांना ते नेमके ठाऊक असते तेच इष्टू मात्र बिनदिक्कत खळखळ उकळतात, याचे नवल वाटते.

यासाठी केरळात दूध दोनदा काढतात. एका मध्यम नारळाचा चव अर्धी वाटी कोमट पाण्याबरोबर मिक्सरमधून फिरवून पंच्यातून घट्ट पिळला की मिळते ते ओन्नाम पाल, म्हणजे पहिले दाट दूध. ते बाजूला ठेवून त्याच चोथ्यात दीड-दोन वाट्या पाणी घालून पुन्हा पिळले की रंडाम पाल हे पातळ दूध मिळते. त्यात तेल थोडे असल्यामुळे बटाट्यांसह सगळ्या भाज्या त्यातच शिजवता येतात. भाज्या मऊ झाल्या की बटाट्याच्या दोन फोडी डावाने चेपाव्यात, त्याने रसाला पुरेसा दाटपणा येतो. कॉर्नफ्लोअरची पेस्ट घालणे हा शुद्ध आळस आहे. मग आच अगदी मंद करावी, दाट दुधात आधी डावभर गरम रस मिसळावा आणि ते दूध पातेल्यात ओतावे. वाफ दिसू लागली आणि कड जेमतेम थरथरली, की गॅस बंद करावा. फोडणी देऊ नये. वरून चमचाभर कच्चे खोबरेल तेल आणि चुरडलेला कढीपत्ता घालून झाकण ठेवावे. मोहरीची चरचरीत फोडणी दिल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही त्यांनी कुर्माच करावा.

डब्यातले तयार दूध वापरायला हरकत नाही. त्यातले निम्मे दुप्पट पाण्यात मिसळून पातळ दूध म्हणून वापरावे आणि उरलेले शेवटासाठी राखावे. पुष्कळ कंपन्या त्यात ते फुटू नये म्हणून स्थिरकारी द्रव्ये घालतात, त्यामुळे ते थोडी उकळी सोसते. पण त्याच्या भरवशावर शिकलेला हात ताज्या दुधाशी गाठ पडली की फसतो.

उरलेल्या पदार्थाचा प्रश्न आला की हा भेद पुन्हा आडवा येतो. कुर्मा दुसऱ्या दिवशी मुरून अधिक चांगला लागतो आणि खुशाल उकळून घेता येतो. इष्टू मात्र सकाळी अप्पमबरोबर वाढून संध्याकाळसाठीही हवा असेल, तर पातळ दुधात शिजलेला अर्धा भाग वेगळा काढून ठेवावा आणि राखून ठेवलेले दाट दूध संध्याकाळी, तो गरम केल्यानंतरच घालावे.