गप्प बसायला शिकलेला रंग

मधुमेहामुळे आईचं दृष्टिपटल तपासायचं होतं, म्हणून नौपाड्यातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात तिची अँजिओग्राफी केली. हातातल्या शिरेतून नारिंगी द्रव गेला आणि दहा-पंधरा सेकंदांत काळ्या पडद्यावर डोळ्यातल्या केसासारख्या रक्तवाहिन्या पांढऱ्याशुभ्र उमटल्या. "आजी, लघवी गर्द पिवळी होईल, घाबरू नका," सिस्टर म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत आईची त्वचाही हळदीच्या नवरीसारखी दिसत होती.

तो रंग म्हणजे फ्लुओरेसीन. १८७१ मध्ये आडोल्फ फॉन बायर यांनी तो बनवला. डोळ्यांच्या अँजिओग्राफीसाठी १९६१ मध्ये नोव्होट्नी आणि अल्विस यांनी तो वापरून दाखवला. पिवळी त्वचा हीच त्याची मर्यादा. तो सगळीकडे पसरतो. डोळ्यात ते चालतं, कारण तिथल्या शिरा बाहेरूनच दिसतात. कर्करोगाच्या गाठीसाठी मात्र सगळंच उजळलं तर काय कामाचं? शिवाय त्यातून निघणारा हिरवा प्रकाश रक्तामांसातून फार पार होत नाही. १९५९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला इंडोसायनिन ग्रीन ८०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या पट्ट्यात चमकतो. त्याचा प्रकाश जास्त खोलवरून येतो, पण यकृत त्याला काही मिनिटांत बाहेर काढतं.

इथे पॉलिमर, म्हणजे लहान रेणू एकमेकांना जोडून झालेली लांब साखळी, कामी आला. औषध, पाण्यात विरघळवणारा भाग आणि दिशा दाखवणारा भाग एकाच लांब साखळीला जोडायचे, ही कल्पना हेल्मुट रिंग्सडॉर्फ यांनी १९७५ मध्ये मांडली. १९८६ मध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवलं की मोठे रेणू गाठीच्या झिरपणाऱ्या रक्तवाहिन्यांतून आत जातात आणि तिथेच रेंगाळतात. पाण्यात गुठळ्या होणाऱ्या रंगांना पॉलिएथिलीन ग्लायकॉल या पाण्यात सहज विरघळणाऱ्या पॉलिमरच्या साखळ्यांनी विरघळतं ठेवलं.

माझ्या मते खरी कलाटणी १९९९ ची. राल्फ वाइसलेडर यांच्या गटाने पॉलिलायसिन या प्रथिनासारख्या साखळीवर रंगाचे रेणू दाटीवाटीने बसवले. इतके जवळ आले की ते एकमेकांचा प्रकाश गिळतात. साखळी अंधारी राहते. गाठीतल्या प्रथिनं तोडणाऱ्या विकरांनी (एन्झाइम्सनी) साखळी कापली की रेणू सुटे होतात आणि पेटतात. उंदरांमधल्या गाठींत चमक बारापट वाढली. रंग उजळवणं जुनंच होतं, त्याला योग्य जागा येईपर्यंत गप्प बसवणं नवं. पुढे हाच इशारा आम्लतेतूनही घेतला गेला: रक्ताचा पीएच (आकडा जितका कमी, तितकी आम्लता जास्त) ७.४, पेशीतल्या लायसोसोम नावाच्या पचवणाऱ्या पिशवीचा साधारण ५.

खारघरला टाटा मेमोरियलच्या कर्करोग केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये उपचार घेणाऱ्यांच्या घरी 'मार्जिन क्लिअर आहे का?' हा प्रश्न पाठ असतो. गाठीची कड मोकळी आहे की नाही, हे पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आल्यावर पक्कं कळतं. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेत पेगुलिसियानिनला मान्यता मिळाली. विकराने तुटल्यावरच उजळणारा हा रंग स्तनाच्या शस्त्रक्रियेआधी २ ते ६ तास शिरेतून देतात. काहींना त्याची तीव्र अ‍ॅलर्जी होते, म्हणून रुग्णावर लक्ष ठेवावं लागतं. गाठ काढल्यावर सर्जन त्या रिकाम्या पोकळीत कॅमेऱ्याची दांडी फिरवतो आणि उरलेला ठिपका उजळतो का, ते टाके घालण्याआधीच पाहतो.