विकास आराखडा (कोकणातील लहान शहरे)

विकास आराखडा : नगरपरिषदेच्या किंवा नगरपंचायतीच्या हद्दीतली कोणती जमीन पुढची वीसेक वर्षे कशासाठी वापरायची, रस्ते कुठून न्यायचे, शाळा, दवाखाना, मच्छीमार्केट, बाग, स्मशानभूमी यांसाठी कोणत्या जागा राखून ठेवायच्या, हे ठरवणारा कायदेशीर नकाशा व त्यासोबतचा अहवाल. बोलण्यात त्याला सगळीकडे ‘डीपी’च म्हणतात. ‘घर डीपीत गेलं’ म्हणजे घरावरून रस्ता तरी आखला गेला किंवा त्या जागेवर आरक्षण तरी पडले. आराखड्याला आधार ‘महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६’ या कायद्याचा. हा कायदा पुण्याला लागतो तसाच २०११च्या जनगणनेत जेमतेम साडेबारा हजारांच्या घरात असलेल्या वेंगुर्ल्यालाही लागतो. कोकणातल्या डीपीची बरीचशी भांडणे या एकाच मापाच्या कपड्यातून निघतात.

नकाशा सर्व्हे नंबर ओळखतो. कोकणातले गाव मात्र वाड्यांनी, वहाळांनी (पावसाळी ओढ्यांनी) आणि पायवाटांनी बांधलेले असते. वर कातळाचा सडा, खाली खाडीलगतची खाजणे (खारी, पाणथळ जमीन), मधल्या उतारावर घरे, आगरे (नारळ-पोफळीच्या बागा) आणि माड. दोन घरांच्या मधून जाणारी पाखाडी किंवा दोन गडग्यांमधली (दगडी कुंपणांमधली) पाणंद पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटीत असली, तरी सातबाऱ्यावर ती बहुधा कुणाच्या तरी नावाची खासगी जमीनच असते. पावसाळ्यात जे पाणी वहाळातून जाते त्याचीही हीच गत. उन्हाळ्यात मोजणी झाली तर कोरडी घळ दिसते आणि नकाशावर तिचा मागमूस उरत नाही. आराखडा आखणाऱ्याला रुंद, सरळ रस्ता हवा असतो. तो उतारावर आखला की चिऱ्याची जुनी जोती, विहिरी, तुळशीवृंदावने आणि कुळाची देवस्थाने एका रेषेत येतात.

गावाचे शहर होणे ही आराखड्याआधीची पायरी. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने (अंमल १ जून १९९३पासून) ग्रामीण भागातून नागरी भागात संक्रमित होणाऱ्या क्षेत्रासाठी नगरपंचायत हा प्रकार आणला. महाराष्ट्रात नगरपंचायतीचे सतरा प्रभाग असतात. मालवण, वेंगुर्ला, राजापूर, चिपळूण, श्रीवर्धन या जुन्या नगरपरिषदा. त्यांतल्या राजापुराची वस्ती तर २०११मध्ये दहा हजारांच्याही आत होती. गेल्या दोन दशकांत मात्र एकामागून एक तालुक्याची ठिकाणे नगरपंचायती झाली : गुहागर, देवरुख, लांजा, कुडाळ, मंडणगड. काहींना जोडनावे मिळाली. देवगड-जामसंडे, वाभवे-वैभववाडी, कसई-दोडामार्ग. ही नावे म्हणजे तडजोडीच आहेत. महसुली गाव एक आणि ज्या नावाने एसटीची पाटी लागते ते दुसरे, तेव्हा दोघांनाही पाटीवर जागा द्यावी लागली.

नगरपंचायतीला विरोध झाला नाही असे ठिकाण क्वचितच सापडेल. घरपट्टी वाढेल, ग्रामीण घरकुलाची योजना हातची जाईल, मांगर (गोठा, शेतघर) दुरुस्त करायलाही परवानगी लागेल, अशा त्या शंका असतात आणि त्या अगदीच निराधार नसतात. कालपर्यंत सरपंचाकडे जाऊन निभत असे, तिथे आता वास्तुविशारदाने सही केलेला नकाशा, जोते प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र अशी शब्दावली येते. निवडून आलेले सतरा जण एका बाजूला आणि शासनाने पाठवलेला मुख्याधिकारी दुसऱ्या बाजूला, हेही गावाला नवे असते. त्यात नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा की नगरसेवकांनी, हा नियम २०१६, २०२० आणि २०२२ असा तीनदा फिरला.

आराखड्याची रीत कायद्यात कलमवार बांधलेली आहे. नगरपंचायत आधी आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते (कलम २३). मग नगररचना अधिकारी विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार करतो. त्यावरून प्रारूप आराखडा होतो आणि तो राजपत्रात व वृत्तपत्रांत सूचना देऊन प्रसिद्ध केला जातो (कलम २६). त्यानंतर तीस दिवसांत कोणालाही लेखी हरकती व सूचना देता येतात. त्यांची सुनावणी नियोजन समितीपुढे होते. समितीत नियोजन प्राधिकरणाचे, म्हणजे इथे नगरपंचायतीचे, तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जण असतात (कलम २८). मग आराखडा शासनाकडे जातो आणि कलम ३१ खाली मंजूर होतो. काही भागांत शासनाने सारभूत बदल सुचवले, तर तेवढे भाग वगळून उरलेला आराखडा मंजूर होतो व वगळलेल्या भागांवर पुन्हा हरकती मागवतात. सगळे सुरळीत झाले तरी यात वर्षे जातात.

या साऱ्यात सामान्य माणसाला हात घालता येतो तो त्या तीस दिवसांत. कोकणात त्याची अडचण अशी की जमीनमालक बहुधा गावात नसतो. सातबाऱ्यावर सात-आठ नावे सामाईक, त्यांतली दोन वारलेली आणि वारसनोंद न झालेली, उरलेली परळ, डोंबिवली, विरार अशी पांगलेली. सूचना एखाद्या स्थानिक दैनिकाच्या आतल्या पानावर येते. चाकरमानी गणपतीला गावी येतो तेव्हा त्याला शेजारी सांगतो, ‘तुमच्या आगरातून बारा मीटरचा रस्ता दाखवलाय.’ तोवर मुदत संपलेली असते. मुदत गणेशचतुर्थीच्या आसपास ठेवली तर हरकतींचा गठ्ठा जाड होतो, एवढे व्यवहारज्ञान गावातल्या कुठल्याही नगरसेवकाला असते. त्याचा उपयोग तो दोन्ही बाजूंनी करू शकतो.

हरकत टिकायची तर तिच्यासोबत सातबारा, मोजणीची क प्रत (सरकारी मोजणीचा नकाशा), घराचा असेसमेंट उतारा (घरपट्टीची नोंद) आणि शक्य तर पर्यायी आखणी दाखवणारा कच्चा नकाशा लागतो. प्रत्यक्षात गठ्ठ्यातल्या निम्म्याहून जास्त हरकतींचा मजकूर एकच असतो; कोणीतरी वाडीत झेरॉक्स वाटलेली असते आणि खाली फक्त नाव व सर्व्हे नंबर बदललेला असतो. अशा हरकतींना कायद्याने किंमत सारखीच, पण समितीपुढे बोलायला माणूस उभा राहिला तर फरक पडतो. ‘रस्ता हवा, पण माझ्यातून नको, गडग्याच्या पलीकडून न्या’ ही हरकत सर्वांत जास्त वेळा येते आणि सर्वांत कमी वेळा मान्य होते, कारण गडग्याच्या पलीकडच्याचीही तीच हरकत आलेली असते. ज्या हरकतींनी आराखडा खरोखर बदलतो त्या वेगळ्या असतात : इथे वहाळ आहे, इथून भरतीचे पाणी येते, ही जागा होळीच्या मांडाची, म्हणजे शिमग्याला गाव जमते ती, आहे. नकाशा काढणाऱ्याला हे ठाऊक नसते आणि गावाने सांगितल्याशिवाय कळायला मार्गही नसतो.

किनाऱ्यावरच्या शहरात या नकाशावर आणखी एक नकाशा येऊन बसतो. किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, पहिली अधिसूचना केंद्राने १९ फेब्रुवारी १९९१ रोजी पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली काढली. तिच्या जागी २०११ची आणि मग १८ जानेवारी २०१९ची अधिसूचना आली. समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतची जमीन तिच्या कक्षेत येते. खाडीकाठी २०११च्या नियमाने १०० मीटर किंवा खाडीची रुंदी यांतले जे कमी असेल ते अंतर धरत. २०१९मध्ये हे १०० मीटर ५० वर आले. शहरी हद्दीतला, निम्म्याहून जास्त भूखंड बांधलेला व रस्ते-गटारांची सोय असलेला भाग वर्ग दोनमध्ये पडतो. तिथे आधीच्या रस्त्याच्या किंवा इमारतींच्या जमिनीकडच्या बाजूला बांधता येते. ग्रामीण किनारा वर्ग तीनमध्ये जातो आणि तिथे ना-विकास क्षेत्र सोडावे लागते : २०११च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक दाटी असेल तर ५० मीटर, एरवी २०० मीटर.

हे आकडे कोरडे वाटतात, पण किनाऱ्यालगतच्या घरांचे भवितव्य त्यांच्यावरच ठरते. नगरपंचायत झाली म्हणजे किनारा आपोआप वर्ग दोनमध्ये जाईल, असा समज पसरवून जमिनी विकल्या जातात. तो चुकीचा आहे. वर्ग ठरतो किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याने, आणि त्याचा नकाशा डीपीहून निराळ्या कार्यालयात, निराळ्या प्रमाणात काढला जातो. डीपीत पिवळ्या रंगाने रहिवासी दाखवलेला भूखंड या नकाशात ना-विकास क्षेत्रात असू शकतो, आणि तेव्हा पिवळ्या रंगाचा उपयोग नसतो. तारकर्ली-मालवणच्या पट्ट्यात घरातल्या खोल्या पर्यटकांना देणाऱ्यांना २०१९च्या अधिसूचनेने एक मोकळीक दिली : जोत्याचे क्षेत्र, रचना व दर्शनी भाग न बदलता स्थानिकांना राहत्या घरात होमस्टे चालवता येतो. गोम ‘न बदलता’ या शब्दांत आहे. पर्यटक संडास-बाथरूम खोलीलगत मागतो, आणि ते घरात बसत नसेल तर जोते वाढवावे लागते.

नदीकाठच्या शहरांची गोष्ट वेगळी. जलसंपदा विभाग निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतो. निळी ढोबळमानाने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोहोंच्या मध्ये निर्बंध. चिपळुणात वाशिष्ठीने २६ जुलै २००५ ला आणि पुन्हा २२ जुलै २०२१ ला बाजारपेठ बुडवली. त्यानंतर या रेषांवरून शहरात मोठा वाद झाला, कारण चिपळूणची जुनी पेठच रेषांच्या आत येत होती. पूर येतो हे कुणीच नाकारत नव्हते. लोकांची हरकत होती ती दुकान दुरुस्त करायलाही परवानगी मिळणार नाही याला, आणि गाळ काढण्याआधी रेषा आखण्याला. राजापुरात अर्जुना-कोदवलीचे पाणी पेठेत शिरणे हे तर दर पावसाळ्याचे ठरलेले आहे. तिथला दुकानदार माल वरच्या फळीवर ठेवूनच जून उजाडू देतो.

आराखडा मंजूर झाल्यावर शहर गोठत नाही. मंजूर आराखड्यात कलम ३७ खाली किरकोळ फेरबदल करता येतो : सर्वसाधारण सभेचा ठराव, एक महिन्याची सूचना, हरकती, सुनावणी आणि शासनाची मंजुरी. एखाद्या भूखंडावरचे बागेचे आरक्षण हटवणे, रस्त्याची रुंदी कमी करणे, शेती विभागातला तुकडा रहिवासी करणे, हे बहुतेक असेच होते. एकेक फेरबदल खरोखर किरकोळ दिसतो. दहा वर्षांचे फेरबदल एका नकाशावर मांडले तर मूळ आराखडा ओळखू येणार नाही, इतके ते साचतात. आणि मूळ आराखड्याला हजारभर हरकती आल्या तिथे फेरबदलाला दोन-चार येतात. सभेच्या अजेंड्यावर तो विषय पथदिवे आणि गटारसफाईच्या मध्ये कुठेतरी असतो. ठराव बेकायदा किंवा लोकहिताला बाधक वाटला तर १९६५च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात, आणि विरोधी गट त्या दारावर नेमाने जातो.

बांधकामाचे नियमही वरून बदलतात. ३ डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागाला एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली आणि शहराशहराची वेगळी नियमावली संपली. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या लहान भूखंडांवरच्या घरांसाठी परवानगी सोपी झाली, ही तिची चांगली बाजू. पण वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथली कौलारू पागोळी शेजाऱ्याच्या हद्दीत पडते, स्लॅबच्या घरावर गळती थांबवायला पत्र्याचे छप्पर घालावेच लागते, आणि चिऱ्याची भिंत विटेच्या भिंतीहून जाड असल्याने तेवढ्याच चटईक्षेत्रात (मंजूर बांधकाम क्षेत्रात) आतली जागा कमी मिळते. असले प्रश्न नियमावलीच्या जाड पुस्तकात शोधत बसावे लागतात.

नगरपंचायतीला स्वतःच्या हातात उरतात ते उपविधी : बाजार, फेरीवाले, पाणी, कचरा. यात वेंगुर्ल्याचे नाव घ्यावे लागते. २०१५-१६च्या सुमारास मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या कारकिर्दीत तिथल्या नगरपरिषदेने घरोघरी कचरा वेगळा घेण्याची शिस्त लावली, ओल्या कचऱ्याचा बायोगॅस केला, प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात वापरले आणि कचरा डेपोची जागा बघायला माणसे येऊ लागली. देशातल्या सर्व स्थानिक संस्थांना घनकचऱ्याचे उपविधी करायला लावणारे केंद्राचे नियम २०१६मध्ये आले.

२०२१च्या अखेरीस अनेक नगरपरिषदांची मुदत संपली आणि २०२५च्या डिसेंबरात निवडणुका होईपर्यंत तिथे प्रशासक होता. त्या काळात ठराव करणारा, मंजूर करणारा आणि अंमलात आणणारा अधिकारी एकच. किनाऱ्यावरच्या अनेक गावांसाठी २०२४मध्ये राज्य रस्ते विकास महामंडळाला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेल्यावर तर हरकत द्यायचे टेबलच तालुक्याबाहेर गेले.

आरक्षणे प्रत्यक्षात येतात का, हा शेवटचा आणि बहुतेक ठिकाणी निराशेचा भाग. जागा संपादन करायला लहान नगरपंचायतीकडे पैसा नसतो. मोबदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क (दुसऱ्या जागी जादा बांधण्याचा, विकता येणारा हक्क) देता येतो, पण दुमजली घरांच्या गावात तो विकत घेणार कोण? मग दहा वर्षे उलटली की मालक कलम १२७ खाली खरेदी सूचना, म्हणजे ‘जागा विकत घ्या’ अशी नोटीस, बजावतो. चोवीस महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. ही सूचना बजावणारा मालक बहुधा आधी नगरपंचायतीत येऊन भाग नकाशाची (आराखड्यातल्या आपल्या जागेपुरत्या तुकड्याची) प्रत काढतो, आणि नगरपंचायतीला आपल्या बागेची आठवणही तेव्हाच होते.