लॉकिंग हब, हाताने फिरवायचे

फोर-व्हील ड्राइव्ह गाडीच्या पुढच्या चाकाच्या मध्यभागी बसणारा, चाकाला त्याच्या एक्सल शाफ्टशी (चाक फिरवणाऱ्या दांड्याशी) जोडणारा किंवा त्यापासून सोडवणारा भाग. बाहेरच्या तोंडावर एक चकती असते आणि तिच्यावर ‘लॉक’ व ‘फ्री’ अशा दोन खुणा असतात. चालकाने खाली उतरून दोन्ही बाजूंची चकती हाताने फिरवायची असते. या भागाला फ्री-व्हीलिंग हब असेही म्हणतात. काही गाड्यांवर तो कारखान्यातूनच येतो. इतर गाड्यांवर तो बसवावा का, हा प्रश्न गाडीच्या रचनेवर आणि वापरावर अवलंबून असतो. त्याचे उत्तर बहुतेक लोक इंधनाच्या बचतीत शोधतात. खरे तर या हबचे मोठे मोल दुसरीकडे आहे: पुढची चाके जोडली गेली आहेत की नाहीत हे डोळ्यांनी दिसते, आणि पुढच्या एक्सलमध्ये काही तुटले तर ते बाजूला टाकून गाडी घरी आणता येते.

पार्ट-टाइम प्रकारच्या गाडीत इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे ती पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीत, येते. मागचा प्रोपेलर शाफ्ट (ताकद एक्सलपर्यंत नेणारा लांब दांडा) कायम जोडलेला असतो, पुढचा मात्र चालकाने लिव्हर टाकल्यावरच जोडला जातो. लिव्हर ‘२एच’वर (ताकद फक्त मागच्या दोन चाकांना) असताना पुढच्या शाफ्टचा इंजिनाशी संबंध सुटतो, पण त्याचे दुसरे टोक चाकांच्याच बाजूला असते. रस्त्यावर फिरणारी पुढची चाके मग एक्सल शाफ्ट, डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरांची जोडणी) आणि प्रोपेलर शाफ्ट हे सगळे विनाकारण फिरवत राहतात. हब ‘फ्री’ केला की चाक फक्त आपल्या बेअरिंगवर फिरते आणि आतले सगळे थांबते.

इतिहास

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपवर असे हब नव्हते. तिच्या पुढच्या चाकांवर साधी ड्राइव्ह फ्लँज होती, म्हणजे एक्सल शाफ्ट आणि चाक कायमचे जोडलेले. लढाईच्या मैदानावर ते योग्यच होते. युद्ध संपल्यावर सैन्याच्या जीप शेतकऱ्यांच्या आणि सामान्य लोकांच्या हाती आल्या, त्या पक्क्या रस्त्यावर रोज धावू लागल्या, तेव्हा पुढचा सगळा पसारा फिरवत नेण्याचे ओझे जाणवू लागले. अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी १९४८ साली सिएटलजवळ सुरू केलेल्या कंपनीचे पहिले उत्पादन हेच होते: जीपच्या पुढच्या चाकांवर बसवायचे लॉकिंग हब. विंचसाठी (दोराने गाडी ओढणाऱ्या यंत्रासाठी) ही कंपनी पुढे जगभर ओळखली गेली. ब्रिटनमध्ये लँड रोव्हरच्या सिरीज मालिकेतल्या गाड्यांसाठी फेअरी कंपनीचे हब लोकप्रिय झाले.

भारतात महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे सीजे-३बी या नमुन्यावरून आपल्या जीप घडवल्या. १९८५ साली मारुतीची जिप्सी आली. पुढे-मागे अखंड एक्सल, पानांच्या स्प्रिंगा आणि हलके वजन असलेल्या या गाडीच्या पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे हब पुष्कळ ठिकाणी दिसतात. भारतातले अनेक चालक हब लॉक करायला शिकले ते जिप्सीवरच.

रचना आणि काम

हबच्या आत दातेरी कडी असते. ‘लॉक’ केल्यावर चकतीचा कॅम आणि स्प्रिंग मिळून ही कडी सरकवतात. मग तिचे दाते एका बाजूला शाफ्टच्या स्प्लाइनमध्ये (टोकावरच्या लांबट खाचांमध्ये) आणि दुसऱ्या बाजूला हबच्या कवचात एकाच वेळी बसतात. कवच बोल्टांनी चाकाच्या हबला घट्ट केलेले असते, त्यामुळे शाफ्ट फिरला की चाक फिरते. ‘फ्री’ केल्यावर कडी मागे सरकते. पाणी आत जाऊ नये म्हणून चकतीभोवती रबरी ओ-रिंग असते. यापेक्षा जास्त काही नाही. वायर, नळी किंवा सेन्सर यांतले काहीच नसलेला हा भाग आजच्या गाडीत विरळा झाला आहे आणि त्याचे मोठेपण त्याच साधेपणात आहे.

याविषयीचा एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण त्यापायी अनेकजण हब लॉक करायलाच घाबरतात. हब लॉक केले म्हणजे फोर-व्हील ड्राइव्ह लागली असे नाही. हब लॉक आणि लिव्हर ‘२एच’वर अशा स्थितीत गाडी डांबरी रस्त्यावर हवी तितकी चालवता येते. ड्राइव्ह फ्लँज असलेली गाडी आयुष्यभर तशीच चालते. धोका असतो तो लिव्हर ‘४एच’वर (ताकद चारही चाकांना) टाकून कोरड्या, पकड देणाऱ्या रस्त्यावर चालवण्यात. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळात जातात, म्हणजे जास्त अंतर कापतात. पार्ट-टाइम ट्रान्सफर केस मात्र दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरवते. चिखलात किंवा वाळूत चाक थोडे घसरून हा फरक पचवते. डांबरावर ते जमत नाही, ताण शाफ्ट आणि गिअरांमध्ये साठत जातो, स्टिअरिंग जड होते आणि लिव्हर परत निघेनासा होतो.

यातून वापराची एक सोयीची रीत निघते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर राहणाऱ्याने पावसाळा लागला की हब लॉक करून ठेवावेत, आणि गरज पडेल तिथे फक्त लिव्हर टाकावा. हब आधीच लॉक असतील तर शाफ्ट चाकांबरोबर फिरतच असतो, म्हणून अनेक गाड्यांत चालू गाडीतही ‘४एच’ लावता येते. हब ‘फ्री’ असतील तर मात्र थांबावेच लागते, आणि थांबायची वेळ बहुधा गाडी रुतल्यावरच येते. गुडघाभर चिखलात बसून चकती फिरवण्यापेक्षा घरातून निघतानाच ती फिरवलेली बरी.

कोणत्या गाडीला बसू शकतात

हा निर्णय घेण्यापूर्वी गाडी कोणत्या जातीची आहे हे समजून घ्यावे लागते, आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. पार्ट-टाइम ट्रान्सफर केस आणि पुढे ड्राइव्ह फ्लँज असलेल्या जुन्या जीप, जुन्या लँड रोव्हर यांना हे हब सरळ बसतात. फ्लँजचे बोल्ट काढायचे आणि तिथे हब लावायचा.

फुल-टाइम गाड्यांचे तसे नाही. १९७० ची रेंज रोव्हर, १९८३ पासूनची लँड रोव्हर वन-टेन, टोयोटा लँड क्रूझरची ८० मालिका यांतल्या बहुतेक गाड्यांत चारही चाकांना ताकद कायम जाते आणि पुढच्या-मागच्या शाफ्टांमध्ये एक मधले डिफरन्शियल असते. अशा गाडीला हब लावून ते ‘फ्री’ केले तर सगळी फिरक (टॉर्क, म्हणजे फिरवणारी ताकद) सोप्या वाटेने मोकळ्या झालेल्या पुढच्या शाफ्टकडे पळते आणि गाडी जागची हलत नाही. मधले डिफरन्शियल लॉक करून चालवावे लागते, किंवा ट्रान्सफर केसच पार्ट-टाइम करणारे किट बसवावे लागते. लँड क्रूझर ८० साठी तसे किट मिळतात. सत्तरच्या दशकातल्या अमेरिकी पिकअप ट्रकांतल्या एनपी-२०३ ट्रान्सफर केससाठीही ते निघाले होते. पण कंपनीने विचारपूर्वक दिलेली, ओल्या घाटात उत्तम चालणारी फुल-टाइम रचना थोड्या डिझेलसाठी मोडणे हा तोट्याचा सौदा आहे.

तिसरी जात म्हणजे आतूनच पुढचा एक्सल सोडवणाऱ्या गाड्या. टोयोटाच्या अनेक गाड्यांत डिफरन्शियलजवळ एका बाजूचा शाफ्ट आपोआप सुटतो आणि जोडला जातो. जीपच्या चेरोकी एक्सजे आणि रँगलर वायजे यांच्या डाना ३० एक्सलमध्ये हेच काम व्हॅक्यूमवर चालणारा काटा करत असे. अशा गाडीत ‘२एच’वर प्रोपेलर शाफ्ट आधीच थांबलेला असतो. एक्सल शाफ्ट तेवढे फिरतात. हबमुळे आणखी वाचते ते फारच थोडे, आणि हब लावल्यावर आतली यंत्रणा कायम जोडलेल्या स्थितीत ठेवावी लागते.

आजच्या बहुतेक मोनोकॉक (वेगळी चौकट नसलेल्या, एकसंध सांगाड्याच्या) एसयूव्हींमध्ये चाकाचे बेअरिंग एकसंध असते आणि सीव्ही जॉइंटचे (चाक वळले तरी ताकद पोचवणाऱ्या सांध्याचे) टोक त्यातून नटाने आवळलेले असते. तिथे हबला जागाच नाही. अमेरिकेत रॅमच्या जड पिकअपसाठी डायनाट्रॅक कंपनी स्पिंडल, वेगळी बेअरिंग आणि लॉकिंग हब असा अख्खा संच विकते. तो खर्च रोज खूप लांब धावणाऱ्या गाडीलाच परवडतो.

स्वयंचलित हबऐवजी

हाताचे हब बसवण्याचे सगळ्यात सबळ कारण म्हणजे आधीचे स्वयंचलित हब भरवशाचे नसणे. हे दोन प्रकारचे असतात. यांत्रिक प्रकारात शाफ्टला फिरक मिळाली की कॅम आपोआप कडी सरकवतो. सोडवताना ‘२एच’वर टाकून गाडी थोडी मागे घ्यावी लागते. जुन्या रचनांमध्ये फिरकेची दिशा बदलली की हब क्षणभर सुटतो. तीव्र उतारावर इंजिन ब्रेकिंगच्या भरवशावर उतरताना किंवा रुतलेली गाडी पुढे-मागे झुलवताना हे नको तेव्हा घडते, आणि पुन्हा जोडला जाताना हबला दणका बसतो. निसान पॅट्रोलच्या ऑस्ट्रेलियातल्या मालकांनी मोठ्या संख्येने स्वयंचलित हब काढून हाताचे बसवले, त्यामागे हाच अविश्वास होता.

दुसरा प्रकार व्हॅक्यूमचा. १९९८ पासूनच्या सुझुकी जिम्नीवर तो आहे. इंजिनच्या व्हॅक्यूमची नळी स्टिअरिंग नकलपर्यंत (चाक वळवणाऱ्या भागापर्यंत) येते आणि हबला ओढून जोडते. नळीला चीर गेली किंवा सील गळू लागले की डॅशबोर्डवर काहीही दिसो, पुढची चाके ताकद घेत नाहीत. हाताचा हब बसवल्यावर ही सगळी साखळी बाद होते. फोर्डच्या सुपर ड्यूटी ट्रकांनी दोन्ही गोष्टी एकत्र केल्या: व्हॅक्यूमवर चालणारा हब, पण न चालल्यास हाताने लॉक करायची सोय. लँड क्रूझर ७० मालिकेच्या स्वयंचलित हबवरही ‘ऑटो’ आणि ‘लॉक’ अशा दोन खुणा आहेत. लांबच्या, निर्जन प्रदेशांसाठी गाड्या बांधणाऱ्यांना हाताची सोय ठेवावीशी वाटली, यात बरेच काही आले.

फायदे किती खरे

इंधनाची बचत असते, पण थोडी. टायरची हवा, वेग आणि छतावरचा कॅरिअर यांचा परिणाम त्यापेक्षा सहज जास्त होतो. झीज कमी होते हे अधिक खरे: सीव्ही जॉइंट, त्यांचे रबरी बूट, युनिव्हर्सल जॉइंट आणि डिफरन्शियलची सीलं यांचे आयुष्य वाढते. सस्पेन्शन उंच केलेल्या गाडीत पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडून महामार्गावर थरथर येते. हब ‘फ्री’ केले की ती थांबते. पण हा इलाज नाही, दुखणे झाकणे आहे. कोन दुरुस्त करायलाच हवा.

खरा उपयोग अडचणीत कळतो. पुढचा जॉइंट खडकात तुटला तर दोन्ही हब ‘फ्री’ करून मागच्या चाकांवर गाडी बाहेर काढता येते. गाडी ओढून न्यायची असेल तेव्हाही पुढचा पसारा थांबवता येतो. आणखी एक उपयोग फार थोडे लोक करतात: हब ‘फ्री’ ठेवून लिव्हर ‘४एल’वर (चारही चाके, लो म्हणजे जास्त ओढीचा संथ गिअर) टाकला की लो गिअर फक्त मागच्या चाकांना मिळतो. कोरड्या सिमेंटवर जड ट्रेलर मागे घेताना क्लच जळत नाही आणि शाफ्टही पिळला जात नाही. मात्र लो गिअरची सगळी फिरक अशा वेळी एकट्या मागच्या एक्सलवर येते, म्हणून ॲक्सिलरेटर सांभाळून द्यावा.

उलट बाजूही आहे. सॉलिड फ्लँजपेक्षा हब कमजोर असतो. मोठे टायर आणि डिफरन्शियल लॉक लावून खडकांवर चढणारे कित्येकजण म्हणूनच हब काढून पुन्हा फ्लँज लावतात. हब आधी तुटला तर आतला महाग शाफ्ट वाचतो, असे दुसऱ्यांचे म्हणणे असते, आणि तेही खरे आहे: हब रस्त्याच्या कडेला मोजक्या हत्यारांनी बदलता येतो, शाफ्ट काढायला बराच पसारा उघडावा लागतो. विसराळूपणा हा मात्र सगळ्यात मोठा तोटा. एक हब लॉक आणि दुसरा ‘फ्री’ राहिला तर ‘४एच’वर सगळी फिरक मोकळ्या बाजूला जाते आणि पुढच्या चाकांची मदत शून्य होते. तशीच गाडी महामार्गावर पळवली तर डिफरन्शियलमधले छोटे गिअर सतत फिरत राहून झिजतात. गाडी घरात अनेकजण चालवत असतील आणि त्यांतल्या सगळ्यांना हब माहीत नसतील, तर चालू स्थितीतले स्वयंचलित हब काढू नयेत.

बसवणे आणि निगा

हब विकत घेताना शाफ्टच्या स्प्लाइनची संख्या आणि बोल्टांची मांडणी जुळते का ते पाहावे. त्याच वेळी चाकाची बेअरिंग उघडून साफ करावीत आणि नव्या ग्रीससह पुन्हा आवळावीत, कारण हब काढल्यावर ती समोरच असतात. हबच्या आत मात्र ग्रीसचा हलका हात पुरे. बेअरिंगसारखे ग्रीस ठासून भरले तर कडी सरकत नाही, थंडीत तर चकती फिरतच नाही. चकती पक्कडीने फिरवू नये. अडकली तर गाडी हातभर पुढे-मागे करावी, दाते जुळतात आणि ती बोटांनी फिरते. पाण्यातून गाडी नेल्यावर चकती उघडून पाहावी. आत दुधाळ ग्रीस दिसले तर ओ-रिंग गेलेली आहे. वॉरंटीत असलेल्या गाडीवर बाहेरचे हब बसवल्यास कंपनी पुढच्या एक्सलची जबाबदारी नाकारू शकते, हेही आधी विचारून घ्यावे.

हब वर्षभर ‘फ्री’ ठेवणेही बरोबर नाही. शाफ्ट फिरलाच नाही तर तेल वर चढत नाही आणि सील कोरडी पडतात. जुन्या लँड रोव्हरमध्ये स्विव्हलच्या (पुढचे चाक ज्यावर वळते त्या सांध्याच्या) वरच्या बुशाला तेल मिळते ते फिरणाऱ्या शाफ्टने उडवल्यामुळेच. म्हणून महिन्यातून एकदा हब लॉक करून, लिव्हर ‘२एच’वर ठेवून, काही किलोमीटर गाडी चालवावी. लांबच्या प्रवासाला निघताना एक जास्तीची ओ-रिंग, हबचे काही बोल्ट आणि जमल्यास जुन्या ड्राइव्ह फ्लँजची जोडी हत्यारांच्या पेटीत ठेवावी. हब फुटला तर त्या जागी फ्लँज लावून चारही चाकांवर पुढे जाता येते.