पार्श्वभूमी : वांगाचं औषध गोरं करणारी ट्यूब कसं झालं

चेहरा लालबुंद, उन्हात गेलं की आग, गालांवर बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं, हनुवटीवर अचानक वाढलेली लव आणि न जाणारे फोड. त्वचेच्या डॉक्टरांकडे ही तक्रार आता नवी नाही. खोदून विचारलं की मेडिकलमधून आणलेली एखादी स्टेरॉइडची (सूज आणि खाज दाबणाऱ्या औषधाची) ट्यूब निघते. मैत्रिणीने, पार्लरवालीने किंवा काउंटरवरच्या पोऱ्याने सुचवलेली. ती बंद केली की चेहरा पेटतो, म्हणून परत लावायची. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी 2008 मध्ये या अवस्थेला ‘टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’, म्हणजे स्टेरॉइडच्या मलमाने बिघडलेला चेहरा, असं नाव दिलं.

स्टेरॉइडवर सरसकट राग धरण्यात मात्र अर्थ नाही. 1952 मध्ये सल्झबर्गर आणि विटन या त्वचारोगतज्ज्ञांनी हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडचं मलम इसबावर वापरून दाखवलं, तोवर रुग्णाच्या वाट्याला प्रामुख्याने डांबराची काळी, वास मारणारी मलमं येत होती. खाज थांबते, सूज उतरते, कपडेही खराब होत नाहीत. डॉक्टरांना हे वरदानच वाटलं असणार. पुढच्या दहा वर्षांत त्याहून कितीतरी जोरकस स्टेरॉइड रेणू तयार झाले.

आता कोणता रेणू किती जोरकस, हे मोजायचं कसं? 1962 मध्ये मॅकेन्झी आणि स्टॉटन यांनी सोपी युक्ती काढली. निरोगी माणसाच्या हातावर औषध लावायचं आणि काही तासांनी तिथली कातडी किती पांढुरकी पडली ते बघायचं. स्टेरॉइडने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून ती जागा फिकी दिसते. जितका फिकेपणा जास्त, तितकं औषध कडक. म्हणजे आठवड्याभरात ‘फरक पडला’ म्हणून गिऱ्हाईक ज्यावर खूश होतं, त्यातला मोठा वाटा म्हणजे प्रयोगशाळेतली औषधाचा जोर मोजायची खूण. पुढे महिनोन् महिने लावत राहिलं की कातडीला बळकटी देणारं कोलॅजन घटतं, कातडी पातळ होते आणि आकसलेल्या वाहिन्या कायमच्या फुगतात. मग तोच चेहरा लाल दिसू लागतो.

चेहऱ्यावर हे मलम आलं ते वांगामुळे, म्हणजे गालांवर पडणाऱ्या काळपट डागांमुळे. फिलाडेल्फियाचे त्वचारोगतज्ज्ञ आल्बर्ट क्लिगमन (तुरुंगातल्या कैद्यांवर केलेल्या प्रयोगांमुळे हे नाव पुढे चांगलंच बदनाम झालं) आणि विलिस यांनी 1975 मध्ये एक मिश्रण प्रसिद्ध केलं: हायड्रोक्विनोन 5 टक्के, ट्रेटिनॉइन 0.1 टक्का, आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड 0.1 टक्का. हायड्रोक्विनोन रंगद्रव्य बनू देत नाही. त्याच्याच एका रासायनिक भावंडाचा हा गुण 1939 मध्ये अमेरिकेतल्या चामड्याच्या कारखान्यात अपघाताने कळला होता. रबरी हातमोजे घालणाऱ्या कामगारांच्या हातांवर पांढरे डाग पडले आणि दोष निघाला रबर टिकावं म्हणून घातलेल्या रसायनाचा. क्लिगमनच्या मिश्रणात ट्रेटिनॉइन बाकीच्यांना आत शिरायला मदत करतं आणि स्टेरॉइड या दोघांची जळजळ दाबतं. त्याचं काम तेवढंच. अमेरिकेत 2002 मध्ये अशा तिहेरी क्रीमला मंजुरी मिळाली, तीही फ्लुओसिनोलोन हे सौम्य स्टेरॉइड घालून आणि आठ आठवड्यांपुरती.

आपल्याकडे त्या जागी मोमेटासोन हे स्टेरॉइड आलं, अधिक जोराचं, आणि आठ आठवड्यांची अट काउंटरवरच गळून पडली. गोरेपणाच्या क्रीमची बाजारपेठही इथे त्याच 1975 सालापासून रुजत होती. बिनस्टेरॉइडच्या क्रीमने जे दिसत नव्हतं, ते या ट्यूबने दिसलं. देशातल्या निरनिराळ्या केंद्रांवर झालेला एक अभ्यास 2011 मध्ये छापून आला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2,926 रुग्णांपैकी 433 जण स्टेरॉइड लावत होते आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांना ते डॉक्टरने सांगितलेलंच नव्हतं. काही पुरुष तर दाढीनंतर लावत होते.

ट्यूब चेहऱ्यापर्यंत पोचण्याची दुसरी वाट नायट्याची. पावसाळ्यात ओलसर कपडे, घट्ट जीन्स, लोकलमधला घाम. जांघेत नायटा उठतो. त्यावर बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि कडक स्टेरॉइड एकत्र असलेली ट्यूब घेतली की खाज दोन दिवसांत जाते आणि बुरशी निवांत पसरते. अशी अर्धवट वापरलेली ट्यूब घरात पडून असते. मग तीच कुणाच्या तरी चेहऱ्यावर जाते.

कायद्यातही फट होती. अंगावर लावायच्या औषधांना शेड्यूल एचमधून (डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीतून) सूट असल्याने ही मलमं चिठ्ठीविना विकली जात. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने अनेक वर्षं पाठपुरावा केल्यावर मार्च 2018 मध्ये 14 स्टेरॉइडांची नावं त्या यादीत घातली गेली. चिठ्ठी सक्तीची झाली, पण काउंटरवर ती मागितली जाते का, हे कुठल्याही नाक्यावर जाऊन बघावं.

वांग मात्र उन्हानेच परत येतं, क्रीम कितीही भारी असो. त्यातही नुसत्या अतिनील किरणांपासून वाचून भागत नाही. गडद त्वचेवर साधा दिसणारा प्रकाशसुद्धा डाग गडद करतो. म्हणून डॉक्टर आता आयर्न ऑक्साइड असलेलं, किंचित रंगीत सनस्क्रीन सुचवतात. आणि वर्षभर लावलेली ट्यूब सोडायची तर एका दिवसात नाही, डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू.