चेस्टरफील्डचे पिळवटलेले शिखर

इंग्लंडच्या डर्बीशायर काउंटीतील चेस्टरफील्ड गावात सेंट मेरी अँड ऑल सेंट्स हे अँग्लिकन पॅरिश चर्च आहे. त्याचे शिखर जमिनीपासून सुमारे २२८ फूट उंच असून ते मध्यरेषेपासून साडेनऊ फूट कलले आहे, आणि शिवाय ४५ अंशांनी पिळवटलेले आहे. शिखर अष्टकोनी आहे आणि अष्टकोनाच्या लगतच्या दोन कोपऱ्यांमध्येही, केंद्रापासून मोजल्यास, ४५ अंशांचेच अंतर असते. म्हणजे पायथ्याच्या एका कोपऱ्यातून निघालेली कड टोकाशी पोहोचेपर्यंत शेजारच्या कोपऱ्याच्या दिशेला गेलेली असते. गावकऱ्यांच्या दंतकथांमध्ये याचा दोष सैतानाच्या शेपटीला दिला जातो.

शिखराचा लाकडी सांगाडा १३६२ च्या सुमारास उभा राहिला. तो ओल्या, म्हणजे न वाळवलेल्या ओक वृक्षाच्या लाकडाचा होता म्हणून पिळला, एवढेच सांगून सुतारांना दोषी ठरवणे मला अन्यायाचे वाटते. वाळलेला ओक इतका कठीण होतो की त्या काळच्या हत्यारांनी तो घडवणे अतिशय कष्टाचे होते. त्यामुळे लाकूड ओलेच घडवायचे आणि जागेवर वाळू द्यायचे, हीच सर्वत्र रीत होती. पावसाळ्यात फुगून अडकणारे दार आपल्या परिचयाचे आहे; तीच क्रिया येथे उलट घडली. वाळताना लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, मात्र वर्षवलयांच्या दिशेने ते त्रिज्येच्या दिशेपेक्षा सुमारे दुपटीने आटते आणि या विषमतेमुळे तुळई वाकते किंवा पीळ घेते. तिरप्या आधारांची भक्कम बांधणी असती, तर हा पीळ आवरला गेला असता. इंग्लंडमध्ये १३४८-४९ च्या प्लेगने असंख्य माणसे दगावली होती आणि कुशल कारागिरांची वाण होती, हेही येथे विसरता येत नाही.

त्या सांगाड्यावर पुढे सुमारे ३३ टन शिशाचे पत्रे आले, आणि एवढा भार पेलण्यासाठी मूळ बांधणी केलेलीच नव्हती. दिवसा सूर्य दक्षिण बाजू तापवतो, उत्तर बाजू थंड राहते. दहा मीटर लांबीचे शिसे ३० अंशांनी तापले तर जवळजवळ ९ मिलिमीटर वाढते. ओक मात्र तंतूंच्या दिशेने त्याच्या काही अंशानेच वाढतो. शिवाय शिसे ३२७ अंश सेल्सियसलाच वितळत असल्याने नेहमीच्या तापमानातही ते स्वतःच्या वजनाने हळूहळू ओघळत राहते. धातुविज्ञानात याला क्रीप म्हणतात. तापून वाढलेला पत्रा रात्री पूर्णपणे मूळ जागी परतत नाही, आणि एकतर्फी ताण शतकानुशतके साठत जातो. पत्रे माशाच्या काट्यासारख्या तिरप्या नक्षीत बसवलेले असल्यामुळे सपाट बाजूही डोळ्यांना खोलगट भासतात आणि पीळ आहे त्याहून अधिक वाटतो.

२२ डिसेंबर १९६१ रोजी चर्चला आग लागली आणि ऑर्गन हे जुने वाद्य जळाले. सहा शतके वाळलेला ओक आणि सहज वितळणारे शिसे असलेल्या शिखरापर्यंत ज्वाळा पोहोचल्या असत्या, तर ते वाचणे कठीण होते. सुदैवाने ते वाचले.